पाणी रोज बदलता, पण भांडं घासता का? मांजरीच्या फाउंटनपासून बकऱ्यांच्या बादलीपर्यंत स्वच्छतेची पूर्ण माहिती

नवतपा लागला की कुडव्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. गोंदिया जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं ही नवी गोष्ट राहिलेली नाही. अशा दिवसांत बहुतेक घरांच्या छतावर पाखरांसाठी पाण्याचं परळ दिसतं, अंगणात बकऱ्यांची बादली असते, आणि गेल्या काही वर्षांत घरातल्या मांजरीसाठी विजेवर चालणारा छोटा फाउंटनही दिसू लागला आहे. मुक्या जीवाला पाणी पाजणं हे सवाबचं काम आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाची हकीकत आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली आहे.

पण पाणी ठेवणं वेगळं आणि स्वच्छ पाणी ठेवणं वेगळं. हा फरक आम्हाला स्वतःला उशिरा कळला, म्हणून हा लेख.

आमच्या घरी एक बोका आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याच्यासाठी प्लास्टिकचा फाउंटन मागवला. वाहतं पाणी पाहून तो खूश, आम्हीही खूश. रोज सकाळी वरून ताजं पाणी ओतायचं, एवढीच आमची देखभाल. दीड-दोन महिन्यांनी बोका फाउंटनकडे फिरकेनासा झाला, न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालू लागला. त्याच्या हनुवटीवर काळे ठिपके आले. मग एक दिवस तो लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसू लागला आणि थेंबच येईना. दवाखान्यात न्यावं लागलं. नळी घालून लघवी मोकळी केली, बोका वाचला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी किती पितो?" आम्ही म्हणालो, "रोज ताजं भरतो." त्यांनी विचारलं, "आतली मोटर कधी उघडली होती?" आम्ही कधीच उघडली नव्हती. घरी येऊन उघडली, तर आत करड्या रंगाचा बुळबुळीत गोळा आणि केसांचा गुंता निघाला.

त्याचा आजार त्या घाणीमुळेच झाला, असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. त्या आजाराला अनेक कारणं असतात. पण मांजर पाणी कमी पिते तेव्हा लघवी घट्ट होते आणि हा त्रास वाढतो, हे पक्कं आहे. आणि घाण पाण्यापासून मांजर तोंड फिरवते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

बुळबुळीत थर म्हणजे नेमकं काय?

एक-दोन दिवस पाणी राहिलेल्या भांड्याच्या आतून बोट फिरवून पाहा. बोटाला चिकट, निसरडं काहीतरी लागतं. ही नुसती लाळ नाही. पाण्यातले आणि प्राण्याच्या तोंडातले जंतू भांड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणाच्या आत वाढत राहतात. शास्त्रात याला बायोफिल्म म्हणतात. आपल्या दातांवर रात्रभरात जमणारा थर याच जातीचा.

या थराची खोड अशी की नुसतं पाणी विसळून तो निघत नाही. आतल्या जंतूंना हे आवरण चिलखतासारखं जपतं, त्यामुळे वरून टाकलेलं औषधही नीट पोहोचत नाही. तुम्ही जुनं पाणी फेकून नवं भरलं, तर नवं पाणी त्याच थराच्या संगतीत जातं आणि काही तासांत पुन्हा तसंच होतं. हा थर काढायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे साबण लावून घासणं. औषध त्यानंतर.

कधी कधी हा थर गुलाबी दिसतो. न्हाणीघराच्या फरशीवर दिसतो तोच हा गुलाबी थर, बहुतेक वेळा सेराशिया नावाच्या जंतूचा. उन्हात ठेवलेल्या भांड्यात थर हिरवा होतो, ते शेवाळ. रंग कोणताही असो, काम एकच, घासणं.

परदेशात याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेतल्या एनएसएफ इंटरनॅशनल या संस्थेने २०११ मध्ये घरातल्या वस्तूंवरचे जंतू तपासले, तेव्हा पाळीव प्राण्याचं भांडं सर्वाधिक जंतू असलेल्या पहिल्या दहा जागांमध्ये आलं. ज्या भांड्याला आपण स्वच्छ समजतो, त्याची ही गत.

पाक आणि साफ, या दोन वेगळ्या गोष्टी

इथे एक गोष्ट स्पष्ट करणं गरजेचं आहे, कारण आमच्याच घरात यावरून गैरसमज होता. मांजरीने तोंड लावल्याने पाणी नापाक होत नाही, ही हजरत अबू कतादा (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत अनेकांना ठाऊक आहे. त्यावरून काही जण असं धरून चालतात की मांजरीचं भांडं धुतलं नाही तरी चालतं. पण पाकी हा शरीयतचा विषय आहे आणि जंतू हा आरोग्याचा. भांडं पाक असू शकतं आणि तरीही त्यात मांजरीला व घरातल्या मुलांना आजारी पाडणारे जंतू असू शकतात. एका गोष्टीने दुसरीची जबाबदारी संपत नाही. उलट रात्री पाण्याची भांडी झाकून ठेवण्याची जी शिकवण आपल्याला मिळाली आहे, तिचा रोख स्वच्छतेकडेच आहे.

शेतावर किंवा गोठ्यावर राखणीला कुत्रा असेल, तर त्याचं भांडं कायम वेगळं ठेवावं. घरच्या भांड्यात कुत्र्याने तोंड घातलं तर ते कसं धुवावं याचे स्वतंत्र मसले आहेत. ते आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांना विचारावेत. आरोग्याच्या बाजूने आम्ही एवढंच सांगू की प्राण्यांची भांडी, त्यांची घासणी आणि स्पंज घरच्या भांड्यांपासून वेगळे हवेत. ती भांडी भाजी धुतो त्या सिंकमध्ये न धुता मोरीत किंवा अंगणातल्या नळावर धुवावीत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

भांडं कशाचं घ्यावं?

स्टील : सर्वांत सोयीचं. चरे कमी पडतात, घासायला सोपं, फुटत नाही. मात्र उन्हात ठेवलं तर पाणी चटकन तापतं. त्यामुळे सावलीतच ठेवावं.

प्लास्टिक : स्वस्त, पण घासता घासता चरे पडतात आणि त्या चऱ्यांमध्ये जंतू घर करतात. मांजरीच्या हनुवटीवरच्या काळ्या ठिपक्यांचा संबंध अनेक पशुवैद्य प्लास्टिकच्या भांड्यांशी जोडतात. आमच्या बोक्याला स्टीलचं भांडं दिल्यावर ठिपके हळूहळू कमी झाले. प्लास्टिकच वापरायचं असेल तर चरे पडलेलं, खरखरीत झालेलं भांडं टाकून द्यावं.

चिनी माती : दिसायला छान, जड असल्याने कलंडत नाही. पण वरची चकाकी उडाली किंवा बारीक तडा गेला की त्यात घाण बसते. ब्रिटनमधल्या हार्टपुरी विद्यापीठात कुत्र्यांच्या पाण्याच्या भांड्यांची तपासणी झाली होती. त्यात जंतूंची संख्या प्लास्टिकमध्ये जास्त निघाली, पण अधिक घातक जातीचे जंतू चिनी मातीच्या भांड्यांत जास्त वेळा सापडले. म्हणून महाग भांडं घेतलं म्हणजे सुटलो, असं नाही.

साधी माती : पाणी गार राहतं, म्हणून छतावरच्या पाखरांसाठी उत्तम. पण माती पाणी शोषते, तिच्या छिद्रांमधून जंतू पूर्ण निघत नाहीत. उपाय सोपा आहे. दोन परळ घ्या. आज एक वापरा, दुसरं काथ्याने घासून दिवसभर कडक उन्हात पालथं वाळत घाला. उद्या अदलाबदल. नवतप्याचं ऊन फुकटात मिळणारं औषध आहे, त्याचा फायदा घ्यावा.

कुणाला किती पाणी लागतं?

हा अंदाज माहीत असला की प्राणी कमी पितोय हे वेळेत लक्षात येतं.

मांजर : वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० मिलि. चार किलोच्या मांजरीला २०० मिलि, म्हणजे एक पेला. यात ओल्या खाण्यातून मिळणारं पाणीही धरलेलं आहे. फक्त कोरडं खाद्य खाणाऱ्या मांजरीला जास्त पाणी प्यावं लागतं.

कुत्रा : दर किलोमागे ५० ते ६० मिलि, उन्हात काम असेल तर याहून जास्त.

मोठी बकरी : उन्हाळ्यात साधारण ४ ते ८ लिटर. हिरवा चारा असेल तर कमी, सुका चारा असेल तर जास्त.

कोंबडी : सुमारे पाव लिटर; कडक उन्हाळ्यात याच्या जवळपास दुप्पट.

फाउंटनची रचना समजून घ्या

बाजारात मिळणारे बहुतेक फाउंटन एकाच पद्धतीचे असतात. खाली पाण्याची टाकी, तिच्यात बुडालेली छोटी मोटर, वर पाणी पडण्याची थाळी किंवा फूल, आणि मध्ये फिल्टर. मोटर मोबाइलच्या चार्जरवर चालते, ५ व्होल्टवर, विजेचा खर्च नगण्य. मोटरच्या आत एक छोटा चुंबकाचा पंखा असतो. तो फिरतो आणि पाणी वर ढकलतो.

फिल्टरमध्ये दोन गोष्टी असतात. स्पंज केस आणि खाद्याचे कण अडवतो. कार्बन वास आणि चव सुधारतो. पण इथे एक बारीक गोष्ट आहे, जी खोक्यावर लिहिलेली नसते. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं आणि ते जंतूंना आवर घालतं. कार्बन नेमकं तेच क्लोरीन शोषून घेतो. म्हणजे फिल्टरमधून गेलेलं पाणी चवीला चांगलं, पण जंतू वाढायला मोकळं. त्यात आपल्याकडची उष्णता. त्यामुळे "फिल्टर आहे, धुवायची गरज नाही" हा समज उलटा आहे. फिल्टर असलेला फाउंटन अधिक नेमाने धुवावा लागतो.

फाउंटन धुण्याची पद्धत

आठवड्यातून एकदा, आणि एप्रिल ते जून या महिन्यांत दर तीन-चार दिवसांनी, असं करावं.

१. आधी प्लग काढा. ओल्या हाताने वायरला हात लावू नका.

२. पाणी फेकून सगळे भाग सुटे करा. टाकी, थाळी, फूल, नळी, फिल्टर, मोटर.

३. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि मऊ स्पंजने प्रत्येक भाग आतून-बाहेरून घासा. कोपरे आणि खाचा यांच्यासाठी जुना टूथब्रश वापरा. तारेची घासणी वापरू नका, तिने चरे पडतात.

४. मोटरचं पुढचं झाकण नखाने दाबलं की निघतं. आतला पंखा हलकेच ओढून बाहेर काढा. त्याच्या दांड्याला गुंडाळलेले केस काढा. पंखा ज्या पोकळीत बसतो ती कानकाडीने पुसा. आमच्या घरी सगळी घाण इथेच दडली होती.

५. पाणी वर नेणाऱ्या नळीतून बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरवा.

६. स्पंज पिळून पिळून धुवा. कार्बन फिल्टर वाहत्या पाण्याखाली धरा, त्याला साबण लावू नका. साबण आत राहतो. कार्बनचा फिल्टर दोन ते चार आठवड्यांनी बदलायचाच असतो, तो धुऊन नवा होत नाही. नवा फिल्टर मिळत नसेल तर जुना सडका फिल्टर ठेवण्यापेक्षा फिल्टर न लावता, फक्त स्पंजवर फाउंटन चालवणं आणि रोज पाणी बदलणं बरं.

७. साबणाचा वास जाईपर्यंत सगळं धुवा. मांजरीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे. साबणाचा वास राहिला तर ती पाण्याला तोंड लावणार नाही.

८. सगळे भाग पूर्ण वाळवा. मग जोडा, आधी पाणी भरा आणि नंतरच प्लग लावा. कोरडी मोटर चालली तर जळते.

रोजचं काम वेगळं. रोज सकाळी उरलेलं पाणी पूर्ण ओतून टाकायचं, कडा आणि थाळी पुसायची आणि नवं पाणी भरायचं. जुन्या पाण्यात नवं ओतून पातळी वाढवणं म्हणजे बदलणं नव्हे. ते पाणी नाल्यात न ओतता झाडाला घालावं.

जंतुनाशक कोणतं, किती?

महिन्यातून एकदा, किंवा प्राणी आजारी असेल तर आठवड्यातून एकदा, घासल्यानंतर जंतुनाशक वापरावं. घासण्याआधी वापरलं तर त्याची निम्मी ताकद घाणीवरच खर्च होते.

कपड्यांचं साधं, सुवास नसलेलं ब्लीच (साधारण ५ टक्के) : एक लिटर थंड पाण्यात ४ मिलि, म्हणजे चहाचा पाऊण चमचा.

ग्रामपंचायतीकडे विहिरीसाठी येते ती टीसीएल पावडर : पाच लिटर पाण्यात ३ ग्रॅम. ढवळून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी वापरा. पावडर ताजी हवी. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीत दम राहत नाही.

या पाण्यात सुटे भाग दहा मिनिटं बुडवा, मग तीन वेळा साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. द्रावण दर वेळी नवं बनवा.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचं :

ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो माणसाच्याही जिवावर बेतू शकतो.

फिनाईल वापरू नका. मांजरीचं यकृत असली रसायनं पचवू शकत नाही. ज्या भांड्याला किंवा फरशीला फिनाईल लागलं, ते चाटूनही तिला विषबाधा होऊ शकते.

पाण्यात कापूर, अत्तर, गुलाबपाणी असलं काही टाकू नका. कापूर तर प्राण्यांना थेट विषारी आहे.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर

बोअरचं पाणी जड असेल तर टाकीच्या कडांवर आणि मोटरच्या तोंडावर पांढरा खरखरीत थर बसतो. हा क्षार आहे, तो साबणाने निघत नाही. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि एक भाग पाणी घेऊन त्यात सुटे भाग अर्धा तास भिजवा. व्हिनेगर नसेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व. नंतर ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. हे काम आणि ब्लीचचं काम वेगवेगळ्या दिवशी करावं, म्हणजे चुकूनही दोन्ही एकत्र येणार नाहीत. क्षाराचा थर स्वतः घातक नसला तरी त्याच्या खरखरीतपणावर जंतूंचा थर लवकर बसतो आणि मोटरचा पंखा अडकतो. मोटरचा आवाज वाढला, तर आधी क्षार आणि केस तपासा. नव्वद टक्के वेळा मोटर बिघडलेली नसते, कोंडलेली असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

लाइट गेली तर?

उन्हाळ्यात वीज जाणं आपल्याला नवं नाही. मोटर बंद पडली की काही फाउंटनच्या थाळीत पाणीच राहत नाही, आणि मांजर दिवसभर तहानलेली राहते. घरातली माणसं कामावर, मुलं शाळेत, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फाउंटन असला तरी एक साधं स्टीलचं भांडं पाण्याने भरून वेगळ्या जागी ठेवाच. दोन्ही भांडी मांजरीच्या मातीच्या ट्रेपासून आणि खाण्याच्या ताटलीपासून दूर असावीत. वायर प्लगपेक्षा खाली लोंबकळती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता जमिनीवर पडेल.

छतावरचं परळ आणि डेंग्यू

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पावसाळा आला की हिवताप आणि डेंग्यूची चिंता सुरू होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नाही, तर साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. छतावर विसरलेलं परळ त्याच्यासाठी अगदी सोयीचं. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उष्ण हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो.

पण इथेही नुसतं पाणी ओतून चालत नाही. एडिसची अंडी पाण्यावर तरंगत नाहीत, ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. भांडं कोरडं पडलं तरी ती महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळालं की फुटतात. त्यामुळे परळाची आतली भिंत काथ्याने घासून काढणं हाच उपाय. पावसाची पहिली सर आली की पाखरांना पाण्याची कमी नसते. तेव्हा परळं घासून, वाळवून आत ठेवावीत.

कबुतरं पाळणाऱ्या भाईंनी आणखी एक काळजी घ्यावी. कबुतरांच्या घशात पिवळा, पनीरसारखा थर येतो तो आजार एकाच भांड्यातून पाणी प्यायल्याने पसरतो. आजारी कबुतर लगेच वेगळं करा आणि भांडं रोज घासा. शिवाय, देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या. त्याला छतावरच्या परळातलं पाणी पिऊन उडून जाऊ द्यावं.

पाखरांचं भांडं आणि मांजरीचं भांडं कधीही एक करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. पुढच्याच महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तेही बर्ड फ्लूनेच. गोरेवाड्यात संशय पाण्यावर नव्हता, खाद्यावर होता. पण पाखरांचा हा आजार मांजराच्या जातीला होऊ शकतो, हे आपल्याच विदर्भात दिसलं. मांजरीला कच्चं चिकन देऊ नका, आणि छतावर मेलेलं पाखरू दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका.

बकऱ्यांची बादली आणि नांद

अलीकडे बकरी ईद ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येते आहे. २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला होती, आणि दरवर्षी ती दहा-अकरा दिवसांनी आणखी अलीकडे सरकते. म्हणजे कुर्बानीचा जनावर घरात येतो तेव्हा उन्हाचा कहर असतो. बाजारातून आणलेला बकरा लांबून आलेला, थकलेला, तहानलेला असतो. त्याला पहिल्या दिवशीच घरच्या बकऱ्यांच्या बादलीत तोंड घालू देऊ नका. बकऱ्यांचा पीपीआर हा जीवघेणा रोग लाळेतून आणि नाकाच्या स्रावातून पसरतो, आणि एकाच बादलीत पाणी पिणं हा त्याचा सोपा रस्ता आहे. नव्या बकऱ्याची बादली आणि जागा किमान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. पीपीआरची लस आहे, ती घरच्या बकऱ्यांना आधीच टोचून घ्यावी.

बादली जमिनीवर ठेवली तर त्यात लेंड्या पडतात, आणि बकरी लेंडी पडलेलं पाणी पीत नाही. तहान सहन करते. बादली विटांवर किंवा लोखंडी कड्यात, बकरीच्या छातीच्या उंचीवर ठेवावी. रोज एकदा घासावी. सिमेंटची नांद असेल तर दर पंधरा दिवसांनी ती रिकामी करून, ताठ ब्रशने घासून आतून चुना लावावा आणि चुना पूर्ण वाळल्यावरच पाणी भरावं. पावसाळ्यात उंदरांचा वावर असतो. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा आजार जनावरांना आणि माणसांनाही होतो, म्हणून रात्री उरलेलं पाणी ओतून बादली पालथी घालावी आणि सकाळी नवं भरावं. दिवसभर बांधलेल्या जनावराला रात्री तहान लागेल अशी गरमी असेल, तर झोपण्यापूर्वी एकदा पाजावं.

आपल्या ताब्यातल्या जनावराला पुरेसं खाणं, पाणी आणि निवारा न देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० नुसार गुन्हाही आहे. पण कायद्याच्या आधी आपल्याला याचा हिशोब दुसरीकडे द्यायचा आहे, हे आपण जाणतोच.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

बोका लघवीला वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंब येत नाही : हे तातडीचं आहे. एक रात्रही थांबू नका. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत मरू शकतो.

मांजर किंवा कुत्रा अचानक खूप जास्त पाणी पिऊ लागला : मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असू शकतो.

दिवसभर पाण्याला तोंड लावलं नाही, हिरड्या कोरड्या चिकट झाल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही : शरीरातलं पाणी कमी झालं आहे.

बकरीच्या नाका-डोळ्यांतून पाणी, ताप, हगवण : बाकीच्यांपासून वेगळी करा आणि पशुवैद्यकांना बोलवा.

पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

भिंतीवर लावायचं वेळापत्रक

रोज : सगळं जुनं पाणी ओतणे, साधं भांडं आणि बादली साबणाने घासणे, फाउंटनची थाळी पुसणे, नवं पाणी भरणे.

दर तीन-चार दिवसांनी (उन्हाळा) किंवा आठवड्याला (इतर वेळी) : फाउंटन पूर्ण सुटा करून, मोटर उघडून धुणे.

आठवड्याला : कोरडा दिवस. छतावरची परळं, कूलरची टाकी, अंगणातली डबकी, सगळं रिकामं करून घासणे आणि वाळवणे. जुम्याचा दिवस धरला तर विसर पडत नाही. आमच्या घरी जुम्याच्या अंघोळीआधी हे काम उरकलं जातं.

पंधरा दिवसांनी : सिमेंटच्या नांदीला चुना.

महिन्याला : जंतुनाशकात दहा मिनिटं, कार्बन फिल्टर बदलणे, जड पाणी असेल तर वेगळ्या दिवशी व्हिनेगर.

सहा महिन्यांनी : चरे पडलेलं प्लास्टिक, तडा गेलेली चिनी माती बाद करणे.

हे सगळं वाचून मोठं काम वाटेल. प्रत्यक्षात रोजची पाच मिनिटं आणि जुम्याची वीस मिनिटं एवढंच आहे. आमच्या घरी आता हे काम मुलांकडे दिलं आहे. मोटर उघडून पंखा काढण्यात त्यांना खेळण्याची मजा येते, आणि बोका शेजारी बसून सगळं निरखत असतो. ब्लीचचं काम मात्र मोठ्यांनीच करावं.

मुका जीव तहान लागली तर सांगू शकत नाही, पाणी घाण आहे हेही सांगू शकत नाही. तो फक्त तोंड फिरवतो. आज संध्याकाळी भांड्यात पाणी ओतण्याआधी एकदा आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं, तर आधी घासणी घ्या.